साठवणीची चिंच आणि भाऊंचं इंजिन

या वर्षी चिंच जरा उशिराच आली. मुलुंडच्या बाजारात भाजीवालीने गोणपाटावर ओतलेला तो तांबूस ढीग बघून मी थांबले, एक बोटूक उचलून नाकाशी धरलं, आणि दरवर्षी होतं तेच झालं. मला चिंचेला लोखंडाचा वास आला. लोखंडाचा, जळक्या तेलाचा आणि थोडासा खोबरेल तेलाचा.

“ताई, वास काय घेता? खाऊन बघा ना. अशी आंबट आहे, डोळे मिटतील,” भाजीवाली म्हणाली.

मी हसले आणि नको तेवढी चिंच घेतली. घरात आता मी आणि विलास, दोघंच. एवढी चिंच आपल्याला कशाला, असं विलास कधी विचारत नाही. मी वर्तमानपत्र पसरते, चिंच फोडायला बसते. चिंचोके एकीकडे, शिरा दुसरीकडे. हात चिकट होतात आणि मन त्या उन्हाळ्यात जाऊन बसतं. त्या उन्हाळ्यात काय काय घडलं ते मला क्रमाने सांगता येतं. पण कोण कोणाला सांभाळत होतं, हे मात्र इतकी वर्षं गेली तरी नीट सांगता येत नाही. एकदा वाटतं कळलं. पुन्हा गोंधळ होतो.

ऐंशी सालानंतरचे ते सुरुवातीचे दिवस. आम्ही मुलुंड पूर्वेला एका जुन्या दोन मजली इमारतीत तळमजल्यावर राहायचो. मागे पडवी, पडवीला लागून धुण्याचा दगड, आणि पलीकडे सगळ्या बिऱ्हाडांची मिळून एक विहीर. नळाला पाणी पहाटे येईल तेवढंच. उन्हाळ्यात सगळी भिस्त विहिरीवर. मी सकाळच्या शाळेत शिकवायचे आणि जेवायच्या वेळेला घरी यायचे. घरात आम्ही चौघं. मी, माझा नवरा विलास, सासूबाई आणि सासरे. विलास एका कंपनीच्या ऑफिसात होता. तेव्हा मी त्याला ‘अहो’ म्हणायचे, आता लिहिताना सरळ विलास लिहिते. सासऱ्यांना सगळे भाऊ म्हणायचे. बायको, मुलगा, शेजारपाजारचे, सगळेच.

भाऊ मूळचे मालवणकडचे. सगळा जन्म बसच्या डेपोत मेकॅनिक म्हणून गेला आणि नुकतेच निवृत्त झाले होते. मला बघायला आले तेव्हा माझ्याशी कोणी काही बोलत नव्हतं, तर त्यांनीच विचारलं होतं, “काय गो, तुका भूक लागली आसात ना? हे लोक काय लवकर उठूचे नाय.” त्या एका वाक्यावर मी ह्या घरात यायचं ठरवलं, असं म्हटलं तरी चालेल.

मी घरात आले आणि वर्षा-दोन वर्षांत भाऊंचं काहीतरी सुटत चाललं. आधी चष्मा पिठाच्या डब्यात सापडला. मग एकदा त्यांनी चहात मीठ घातलं आणि तो चहा शांतपणे पिऊन टाकला. एका दुपारी मला विचारलं, “काय गो, जेवलंस?” मी हो म्हटलं. ते पाणी पिऊन परत आले. “काय गो, जेवलंस?” पुन्हा हो म्हटलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मला कळेना, हो म्हणू की नाही म्हणू. नाही म्हटलं असतं तर त्यांनी मला परत पानावर बसवलं असतं.

डॉक्टर म्हणाले, वय झालं, रिकामपण आहे, काहीतरी काम द्या. आज त्या आजाराला नाव आहे, त्यावर माहितीपत्रकं निघतात. तेव्हा आमच्याकडे नाव नव्हतं. त्यामुळे रागवावं, हसावं की घाबरावं, तेच कळायचं नाही. सासूबाई रागवायच्या. विलास घाबरायचा. मी दोघांच्या मध्ये उभी असायचे.

माझंही त्या वर्षी बरं नव्हतं. माघात माझा गर्भ गेला होता. त्याबद्दल घरात कोणी काही बोललं नाही. तेव्हा बोलत नसत. मला चार दिवस झोपवून ठेवलं, डिंकाचे लाडू करून घातले, आणि पाचव्या दिवशी मी शाळेत जायला लागले. सकाळ मुलांच्या गोंगाटात निघून जायची. दुपार मात्र अंगावर यायची. जेवणं उरकली की सासूबाई पंखा लावून पडायच्या आणि मी खिडकीच्या गजांना धरून विहिरीकडे बघत उभी असायचे. किती वेळ उभी असायचे, माझं मलाच कळायचं नाही.

भाऊंनी स्वतःचं काम स्वतःच शोधून काढलं. जिन्याखाली त्यांची जुनी स्कूटर गोणपाट पांघरून कित्येक वर्षं पडून होती. एके दिवशी मी शाळेतून आले तर पडवीत तिच्या इंजिनाचे सगळे अवयव मांडलेले. सिलिंडर, पिस्टन, कार्बोरेटर, रिंगा, नट, वायसर. सगळ्यावर काळ्या राळेसारखा थर. शेजारी परातीत घासलेट आणि त्यात भाऊंचे हात. चेहरा मात्र असा खुललेला, की कितीतरी दिवसांनी ते घरी आल्यासारखे वाटले.

दोन-तीन दिवसांत वरच्या मजल्यावरच्या काकू कठड्यावरून ओरडल्या, “अहो, विहिरीच्या पाण्यावर तेलाची साय आलीय! तुमचं ते धुणं कुठे जातंय बघा.” सासूबाईंनी भाऊंना चार शब्द सुनावले. भाऊंनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा परात घेऊन बसले. कारण आदल्या दिवशीचं बोलणं त्यांच्यापाशी राहिलंच नव्हतं.

आणि मग तो जाळ. मी दारातून आत येत होते. भाऊंनी विडी शिलगावली आणि काडी विझवायला, सवयीने, समोरच्या परातीत टाकली. भपकन आवाज झाला. मी किंचाळले. सासूबाई झोपेतून उठून धावल्या, मोरीतलं ओलं गोणपाट उचलून त्यांनी परातीवर टाकलं. सगळं विझलं तेव्हा भाऊंच्या भुवया जळल्या होत्या आणि हाताला फोड आले होते. ते आमच्याकडे आळीपाळीने बघत होते. मग अगदी रागाने, डेपोत कोणाला दटावतात तसं म्हणाले, “विडी कोणी पेटयल्यान रे हय?”

सासूबाई तिथेच रडायला लागल्या.

त्या दिवसापासून घासलेट कुलपात गेलं, काड्यापेटी सासूबाईंच्या कनवटीला. भाऊंच्या विड्या बंद. इंजिनाचे भाग विलासने एका पत्र्याच्या डब्यात भरून माळ्यावर टाकले. पडवी धुऊन काढली. सगळं सुरक्षित झालं, आणि आठवड्याभरात भाऊ हरवले.

संध्याकाळपर्यंत आम्ही मुलुंड पालथं घातलं. शेवटी विलासला ते चेकनाक्यापाशी बसच्या रांगेत सापडले. खाकी शर्ट घातलेला, केस नीट विंचरलेले, पायात चप्पल मात्र नव्हती.

“माजी ड्युटी आसा,” ते म्हणाले.

विलासने त्यांना घरी आणलं. त्या रात्री तो जेवला नाही. “उद्या दाराला बाहेरून कडी घालायची का?” त्याने विचारलं. सासूबाई म्हणाल्या, “घाल.” कडी घालून मी शाळेत जायचं आणि येऊन कडी काढायची, असं चित्र डोळ्यांपुढे आलं आणि जाईना.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मी पडवीत गुढीचा तांब्या घासत बसले होते. मागल्या वर्षीची जुनी, काळी पडलेली चिंच सासूबाईंनी त्यासाठी काढून दिली होती. तांब्याचा रंग उमलत होता. भाऊ भिंतीला टेकून बघत होते. हळूच ते जवळ सरकले आणि खिशातून एक बारीकशी वस्तू काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. बोटाच्या पेराएवढी, काळीठिक्कर. कार्बोरेटरमधला, पेट्रोल थेंबाथेंबाने सोडणारा पितळी जेट. डबा माळ्यावर गेला तरी तेवढा एक त्यांच्या खिशात राहिला होता. चेकनाक्यापर्यंत तोही जाऊन आला असणार.

मी तो चिंचेत धरला, काथ्याने चोळला. पाण्यात बुडवून वर काढला तर आत सोनं.

“ह्यां काय गो?” भाऊ चकित होऊन म्हणाले. “आमटी करतंस काय इंजिनाची?”

आणि हसले. मीही हसले. माघानंतर मी पहिल्यांदा मोठ्याने हसत होते, हे मला त्या आवाजानेच कळलं.

मी स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा खाली काढला. कोणाला विचारलं नाही.

आजकाल माझा भाचा ‘इको-फ्रेंडली’ असा शब्द वापरतो, तेव्हा मला गंमत वाटते. आमच्याकडे तसा काही विचार नव्हता. आम्हाला एवढंच हवं होतं की आग लागू नये, विहीर नासू नये, आणि बाजारातून काही आणावं लागू नये. त्यामुळे जे स्वयंपाकघरात आणि मोरीत होतं, तेवढ्यावरच भागवलं. तेलकट थर आधी सुताराकडून आणलेल्या लाकडाच्या भुशाने कोरडा पुसायचा. तो भुसा तेल पिऊन घ्यायचा, मग पाण्याबरोबर वाहून जायला फारसं काही उरतच नसे. नंतर रिठे. रात्री भिजवलेले, सकाळी उकळलेले. त्या फेसात सगळे तुकडे बुडवून ठेवायचे आणि दुपारी नारळाच्या काथ्याने घासायचे. पितळेला चिंच. गंजलेल्या नटांना, बोल्टांना आंबट ताक. दोन दिवस त्यात पडले की गंज बोटाने निघायचा. कोनाकोपऱ्याला बांबूची काडी. शेवटी सगळं उन्हात वाळवायचं आणि लोखंडावर खोबरेल तेलाचा हात फिरवायचा, नाहीतर सकाळपर्यंत तांबूस गंज धरतो.

सगळं सरळ जमलं असं नाही. एकदा मी धुण्याच्या सोड्याच्या उकळत्या पाण्यात सिलिंडरबरोबर त्याचं वरचं झाकणही टाकलं. सिलिंडर छान निघालं, झाकण काळंभोर. माझा चेहरा उतरला. भाऊंनी झाकण उजेडात फिरवून बघितलं. “ॲल्युमिनाक सोडो चलना नाय,” म्हणाले, “लोखंडाक चलता.” आणि चिंच घेऊन स्वतःच चोळत बसले. थोडा रंग आला, थोडा नाही आला. त्याचं त्यांना काही वाटलं नाही.

गडबड झाली ती चिंचेवरून. जुनी चिंच संपली आणि मी नव्या साठवणीच्या बरणीत हात घातला. सासूबाईंनी ती चिंच मिठात घोळून, गोळे करून वर्षभरासाठी ठेवली होती.

“माज्या चिंचेक कोणी हात लावल्यान?”

“मी, आई. भाऊंना हवी होती.”

“ते काय चिंच खाऊक लागले?”

मी त्यांना पडवीत नेलं. भाऊ मान खाली घालून जेट घासत होते, तोंडाने काहीतरी गुणगुणत होते. सासूबाई बराच वेळ उंबऱ्यात उभ्या राहिल्या. मग आत गेल्या. बरणीबद्दल पुन्हा काही बोलल्या नाहीत.

त्या दुपारी मला आता एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. रिठ्याचा उग्र वास, उन्हात तापलेला धुण्याचा दगड, विहिरीच्या रहाटाचा आवाज. भाऊ कधी मला सूनबाय म्हणायचे, कधी पांडू. पांडू हा डेपोतला त्यांचा जोडीदार, केव्हाच गावी जाऊन वारलेला. “पांडू, पानो दी रे,” म्हणाले की मी पाना द्यायचे. पहिल्यांदा मी “मी पांडू नाही” असं सांगितलं होतं. त्यावर ते इतके ओशाळले की पुन्हा सांगितलं नाही. पांडू होण्यात मला काही अडचण नव्हती. खरं सांगायचं तर त्या दिवसांत स्वतःपेक्षा पांडू असणं सोपं होतं. पांडूला कोणी ‘आता बरं वाटतं का’ म्हणून विचारत नव्हतं.

दाराला कडी घालायचा विषय निघाला नाही. सकाळी भाऊ रिठे उकळायची वाट बघत बसायचे, दुपारी कामाला लागायचे, संध्याकाळी दमून शांत. पण आम्ही फारच नेटाने काम केलं. वैशाखात एके दिवशी सगळे भाग साफ झाले. पडवीत जुन्या धोतरावर ओळीने मांडले, तेव्हा ते चांदीच्या भांड्यांसारखे दिसत होते. मी खूश. दुसऱ्या दिवशी भाऊ त्यांच्यासमोर बसले, एकेक उचलून बघितला, परत ठेवला. पुन्हा उचलला. मग उठले, आत गेले आणि खाकी शर्ट घालून बाहेर आले.

“खय चललास?” सासूबाईंनी विचारलं.

“ड्युटीक.”

कसंबसं त्यांना बसवलं. त्या संध्याकाळी विलास त्यांना कोपऱ्यापर्यंत फिरवायला घेऊन गेला. मी न्हाणीघरातल्या बंबाच्या नळकांड्यातली काजळी खरवडून वाटीत घेतली, त्यात खोबरेल तेल कालवलं, आणि ते काळं मलम घेऊन पडवीत बसले. घासून लख्ख केलेला पिस्टन हातात घेतला. हात धजेना. मग डोळे मिटून पहिलं बोट फिरवलं.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी काळे झालेले भाग बघितले, “केवढी घाण ही!” म्हणाले आणि बाह्या सरसावल्या.

असं मी रोज करायला लागले. ते दुपारी घासायचे, मी संध्याकाळी माखायचे. विलासला सांगितलं नाही. हे फसवणं होतं का? शाळेत मी मुलांना खोटं बोलू नये म्हणून शिकवत होते. एक म्हातारा माणूस जीव तोडून काम करतो आणि आपण त्याचं काम त्याच्यामागे पुसून टाकतो, हे मला आत कुठेतरी टोचायचं. पण मलम कालवताना माझ्या मनाला स्वस्थता यायची, हेही खरं. ती कशाने यायची, ते कळत नव्हतं. भाऊ घरात राहतील म्हणून? की उद्याच्या दुपारी मला खिडकीशी उभं राहावं लागणार नाही म्हणून?

सासूबाईंनी मला पकडलंच. मी सिलिंडरला काजळी फासत होते आणि त्या मागे येऊन उभ्या राहिल्या. वाटी माझ्या हातून कलंडली.

“तू त्यांका खेळवतंस?” त्यांचा आवाज फाटला होता. “लहान पोर आसत ते? डेपोत साहेब लोक त्यांका विचारून गाडी बाहेर काढीत, आणि तू त्यांका भातुकली मांडून देतंस?”

“नाहीतर ते बाहेर जातात, आई,” मी म्हटलं. मला रडू फुटलं. “दुसरं काय करू, मला सुचत नाही.”

कलंडलेली वाटी त्यांनी सरळ केली. सांडलेली काजळी बोटाने परत भरली. आत जायला वळल्या, दारात थांबल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “पिस्टनाक जास्ती लाव. त्येका वेळ लागता.”

मृग जवळ आला होता. आभाळ दुपारनंतर कोंदून यायचं, घामाने जीव नकोसा व्हायचा. अशाच एका दुपारी भाऊंनी पिस्टन उचलला आणि रिठ्याच्या पाण्याकडे नेता नेता हात थांबवला. अंगठ्याने काजळी पुसली. दोन बोटांत चोळली. नाकाशी नेली.

“ही बंबाची काजळी,” ते म्हणाले.

मी काथ्या हातात धरून तशीच बसले.

“इंजिनाचो कार्बन असो हाताक येना नाय. खरवडूक लागता.” ते शांतपणे बोलत होते. मग मान वर करून त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला बघायला आले होते त्या दिवशी जसे बघत होते, तसे. “सूनबाय.”

“काय, भाऊ?”

“तुका दुपारचा काम व्हया.” त्यांनी हात पुढे केला. “असांदे. दी हडे.”

आणि माझ्या हातातला काथ्या घेऊन त्यांनी पिस्टन पाण्यात बुडवला.

मी काही विचारायच्या आत वरच्या काकूंचा पोहरा विहिरीत आपटला. भाऊंनी दचकून तिकडे बघितलं. परत वळले तेव्हा म्हणाले, “पांडू, पानो खय ठेवलंस रे?”

काजळी मी लावते आणि काम मलाच हवं आहे, हे ते किती दिवस ओळखून होते? की त्याच एका क्षणी डोकं लख्ख झालं आणि पुन्हा झाकोळलं? मी त्यांना काम देत होते, की खिडकीच्या गजांना धरून उभी असलेली सून त्यांनी कधीतरी बघितली होती, आणि रोज तेच तेच भाग घासून ते माझी दुपार भरून देत होते? हे मी विलासला नंतर सांगितलं. तो म्हणाला, “तू फार विचार करतेस. ते बोलले काहीतरी.” असेलही. सासूबाईंना सांगितलं, तर त्या तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, “ते पयल्यापासून तसेच. सांगूचे नाय काय.” म्हणजे काय, हेही मला समजलं नाही. मात्र त्या संध्याकाळी मी मलम कालवलं नाही. हातच चालला नाही.

तोवर जोडणीची वेळ आलीच होती. पावसात जिन्याखाली पाणी साचायचं. सुटे भाग तसेच ठेवले असते तर सगळे सडले असते. विलास म्हणाला, “भंगारात देऊ या.” सासूबाई म्हणाल्या, “आधी जोड. मगे बघू.” त्याने रविवारी सकाळी बाह्या सरसावल्या. त्याला यातलं थोडंफारच येत होतं. नवं सील, नवा प्लग, पेट्रोलची बाटली असं सगळं घेऊन तो पडवीत बसला आणि भाऊ त्याच्या शेजारी. पेट्रोल आलं म्हणताच सासूबाईंनी कनवटीची काड्यापेटी थेट वरच्या काकूंकडे नेऊन दिली.

भाऊंना त्या सकाळी माझं नाव आठवत नव्हतं. चहा घेतला की नाही ते आठवत नव्हतं. पण रिंगेचं तोंड पिस्टनच्या कुठल्या खुंटीवर यायला हवं, ते त्यांच्या बोटांना आठवत होतं. विलास चुकला की ते काही बोलायचे नाहीत, नुसता त्याचा हात बाजूला करायचे. बापलेकांचे हात तेलात बरबटलेले, एकमेकांवर चढत-उतरत होते, आणि मी व सासूबाई उंबऱ्यात बसून बघत होतो. सासूबाईंनी न बोलता माझा हात धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. माघात जे कोणी बोललं नव्हतं, ते बहुतेक तेव्हा बोलून झालं.

पुढे भाऊ काही वर्षं होते. मला मुलगी झाली ती त्यांनी मांडीवर घेतली, ती कोणाची ते त्यांना कळलं की नाही कोण जाणे. शेवटी शेवटी ते सासूबाईंनाही ओळखत नसत. ते दिवस कठीण होते आणि ते मी लिहीत बसत नाही. मला लिहायचं आहे ते त्या रविवारचं.

स्कूटर गल्लीत आणली. शेजारपाजारचे गोळा झाले. विलासने किका मारल्या, मारल्या, घामाघूम झाला. काही नाही. भाऊ पुढे झाले, वाकून त्यांनी चोक ओढला आणि मागे सरकले. विलासने पुन्हा किक मारली. इंजिन खोकलं, गुरगुरलं आणि एकदम फट्‌फट् करत धरलं. निळसर धुराचा लोट उठला. वरच्या काकूंनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. भाऊ मात्र मान कलती करून ऐकत होते, हसत नव्हते, फक्त ऐकत होते.

“बसा मागे,” विलास म्हणाला.

ते बसले. एक हात विलासच्या खांद्यावर ठेवला. स्कूटर गल्लीतून निघाली, कोपऱ्यावर वळली आणि दिसेनाशी झाली. आवाज लांब गेला, थोडा वेळ अजिबातच ऐकू येईना, सासूबाई पदराचं टोक पिळत राहिल्या. मग दुसऱ्या बाजूने तो परत जवळ आला.

विलासने इंजिन बंद केलं. भाऊ सावकाश उतरले, शर्ट नीट केला. आम्हा घरच्यांशी ते मालवणी बोलायचे. परक्या माणसाशी, साहेबांशी बोलताना डेपोतली वेगळी, जपून बोलायची मराठी होती त्यांची. त्या मराठीत, विलाससमोर हात पुढे करून ते म्हणाले,

“फार चांगली चालवता हो तुम्ही गाडी.”

विलासच्या चेहऱ्यावरचं हसू क्षणभर थबकलं. मला वाटलं, आता तो म्हणेल, भाऊ, मी विलास. सासूबाईंनीही तोंड उघडलं होतं. पण त्याने आपला काळा हात पँटला पुसला आणि बापाचा हात हातात घेतला.

“वडिलांनी शिकवली,” तो म्हणाला.

भाऊंनी त्याच्याकडे नीट बघितलं. मग मान डोलवली.

“तरीच,” ते म्हणाले.